पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आधी काय होती? रँडचा खून तिथेच झाला का?

झेलम_एक्सप्रेस

नमस्कार मंडळी. भाच्याला पुणे विद्यापीठात एमेस्सीला ॲडमिशन मिळाली म्हणून ताई आणि मी अमरावतीहून त्याला सोडायला गेलो होतो. त्याची कागदपत्रांची कामं चालू होती तोवर आम्ही दोघी त्या मुख्य इमारतीभोवती फिरत बसलो. काय इमारत आहे हो! काळा दगड, कमानी, तो उंच मनोरा, पुढे एवढी मोठी हिरवळ. सिक्युरिटीवाले काका म्हणाले ही इंग्रज गव्हर्नरची कोठी, आणि रँडला चापेकरांनी इथंच मारलं. मग रिक्षावाल्याने त्यात भर घातली की खाली भुयार आहे आणि ते थेट शनिवारवाड्यात निघतं. ताईने तर लगेच मान डोलावली, तिला भुयारं फार आवडतात.

आता मला पडलेला प्रश्न असा की गव्हर्नर तर मुंबईचा ना, मग त्याला पुण्यात, तेही तेव्हा गावाबाहेर, एवढा मोठा राजवाडा कशाला हवा होता? सुट्टीला यायचा का? आणि रँडचं आणि भुयाराचं खरं किती? विकीवर थोडंफार वाचलं पण तिथे तारखा आहेत, कारणं सापडत नाहीत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडकीचा_म्हातारा

चांगला प्रश्न विचारलात ताई. आम्ही आयुष्यभर त्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो पण हा प्रश्न फार कमी लोकांना पडतो.

सुट्टीला नव्हे, पावसाळ्याला. हे एकदा डोक्यात बसलं की त्या बंगल्याचं सगळं उलगडतं. मुंबई इलाख्याचं सरकार वर्षभर एका जागी बसायचंच नाही. थंडीत मुंबई, एप्रिल-मे महाबळेश्वर, आणि जूनमध्ये पाऊस लागला की पुणे, ते थेट सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत. कारण सरळ आहे, मुंबईत वर्षाला साधारण २२०० मिलिमीटर पाऊस, महाबळेश्वरला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि पुण्यात जेमतेम ७००. साहेबाला भिजायचं नव्हतं, घामही गाळायचा नव्हता. पुण्याची जुलै-ऑगस्टची हवा त्याला विलायतेसारखी वाटत असणार, आणि शिवाय दोन कॅन्टोन्मेंट शेजारी, म्हणजे फौजही जवळ. आणि नुसता गव्हर्नर नाही यायचा बरं का, सेक्रेटरी, दप्तरं, कारकून, शिपाई, कौन्सिलची बैठक, मेजवान्या, सगळा लवाजमा घाट चढून वर. त्याचं शेपूट अजून राहिलंय, पुण्यातला घोड्यांच्या रेसचा सीझन आजही पावसाळ्यातच असतो, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरायचं.

आता गणेशखिंडच्या, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या इमारतीच्या, आधीचं सांगतो कारण ते कोणी सांगत नाही. आधी गव्हर्नरचा पावसाळी बंगला दापोडीला होता. हो, आपलं लोकल थांबते ते दापोडी, एसटीच्या वर्कशॉपवालं. तिथे पेशव्यांच्या कवायती पलटणीवरचा इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्ड राहायचा. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा हीच पलटण दापोडीहून निघून इंग्रजांना येऊन मिळाली, पगार पेशव्यांचा आणि बंदुका पेशव्यांवरच. ती लढाई झाली याच गणेशखिंड-खडकीच्या माळावर. म्हणजे ज्या पठारावर पेशव्यांची फौज उभी होती साधारण त्याच पठारावर पुढे पन्नासेक वर्षांनी साहेबाने आपला बंगला बांधला. मुद्दाम केलं की नाही सांगता येत नाही, पण रोज चहा पिताना त्यांना आठवण नक्की होत असेल.

पेशवाई गेल्यावर १८२८ च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कमने (ज्याच्या नावावरून महाबळेश्वरला माल्कम पेठ आहे तोच) फोर्डचा बंगला सरकारसाठी घेतला आणि आवारात बोटॅनिकल गार्डन सुरू केली. सर रॉबर्ट ग्रँट, म्हणजे मुंबईच्या ग्रँट रोडचा आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचा ग्रँट, १८३८ साली पावसाळ्यात याच दापोडीत वारला. त्या बागेचा प्रमुख पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन झाला, मुंबई इलाख्यातला पहिला जंगल अधिकारी तो हाच. त्याने स्थानिक चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची सुंदर चित्रं काढून घेतली होती, ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कोणी नीट लिहून ठेवलं नाही, साहेबाचं ठेवलं.

मग १८६२ ला आला बार्टल फ्रियर. हा गडी खर्चिक. मुंबईचा किल्ला पाडायला यानेच काढला. त्याला दापोडीचा बंगला अपुरा वाटला, तो विकायला काढून गणेशखिंडला नवीन बांधायचं ठरलं आणि १८६४ ला काम सुरू. आता वर्षं बघा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू, तिथला कापूस बंद, त्यामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आणि मुंबईत पैसाच पैसा. १८६३ ला बोरघाटातली रेल्वे सुरू झालेली, म्हणजे मुंबईहून पुणं एका दिवसात, आधी मेणा नाहीतर घोडा करत घाट चढावा लागायचा. माझ्या मते पैसा आणि रेल्वे या दोन गोष्टी नसत्या तर तो बंगला झालाच नसता, दापोडीवरच भागवलं असतं.

पण १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस धाडकन खाली, शेअर बाजार बुडाला, बँक ऑफ बॉम्बे बुडाली, आणि इकडे बंगल्याचा पाया खणून झालेला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, पार विलायतेत पार्लमेंटमध्ये यावरून फ्रियरला बोल लावले गेले. तो १८६७ ला निघून गेला, इमारत पुरी झाली १८७१ ला. ज्याने हट्टाने बांधायला काढला त्याला पुऱ्या झालेल्या बंगल्यात गव्हर्नर म्हणून राहायला मिळालंच नाही.

रँडचं जेवल्यावर लिहितो.

चुनाखडी

म्हाताऱ्यांनी छान लिहिलंय. मी आर्किटेक्चरवाली, त्यामुळे थोडं दगडविटांबद्दल.

डिझाइन जेम्स ट्रबशॉ नावाच्या आर्किटेक्टचं, मुंबईचा कोट पाडण्याच्या कमिटीवरही हाच होता. झेलमताई, तुम्हाला तो मनोरा बघून काय आठवलं माहीत नाही, पण तो चर्चचाही नाही आणि किल्ल्याचाही नाही. तो इटलीतल्या खेड्यातल्या घंटाघरासारखा आहे, आणि तो इटलीहून थेट नाही आला, व्हाया इंग्लंड आला. व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी आयल ऑफ वाइट बेटावर समुद्रकाठी स्वतःसाठी एक घर बांधलं, ऑस्बोर्न हाउस, १८४५ ते १८५१. अल्बर्टला तिथला समुद्र बघून नेपल्सची आठवण व्हायची म्हणे, म्हणून ती इटालियन ढब. राणीचंच घर म्हटल्यावर ती फॅशन झाली आणि गणेशखिंडचा बंगला त्याच वळणावर बांधला. गंमत बघा, नेपल्सची हवा डोळ्यासमोर ठेवून काढलेलं घर आयल ऑफ वाइटवर आणि तिथून ते उचलून चतुःशृंगीच्या डोंगराखाली, काळ्या फत्तरात.

पण तुम्ही नीट बघाल तर नक्कल जशीच्या तशी नाहीये. पोर्चच्या कमानी, लांबच लांब व्हरांडे, उंच छत, हे सगळं आपल्या हवेसाठी. ऑस्बोर्न बाहेरून गुळगुळीत गिलाव्याचं, फिक्या रंगाचं आहे, इथे दख्खनचा बेसॉल्ट आहे तसा उघडा ठेवलाय. मला विचाराल तर त्यामुळेच ही इमारत बरी दिसते. पावसात भिजल्यावर तर तो दगड असा काही काळाभोर होतो की बस. त्याच काळात येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजची इमारत उभी राहत होती, ती गॉथिक, टोकदार कमानींची. दोन्ही एका दिवसात बघा म्हणजे साहेबाला तेव्हा घर कसं हवं होतं आणि कॉलेज कसं, ते कळेल.

अजून एक. पुढे १८९० च्या आसपास राणीने त्या ऑस्बोर्नमध्ये दरबार हॉल बांधून घेतला, अस्सल हिंदुस्थानी नक्षीकामाचा, आणि तो केला लाहोरच्या भाई राम सिंगांनी. म्हणजे पुण्यात साहेब राणीच्या घराची नक्कल करून राहतोय आणि राणी तिच्या घरात आपल्या कारागिराकडून नक्षी कोरून घेतेय!

यारा_नदीकाठी

अरे वा, मी मेलबर्नला असते. इथलं गव्हर्नमेंट हाउस पण ऑस्बोर्नच्याच धर्तीवर आहे, १८७० च्या दशकातलं. बोटॅनिक गार्डनला लागूनच आहे, झाडांच्या वर तो चौकोनी मनोरा दिसतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं अरे हे तर आपलं युनिव्हर्सिटी, तर तो हसला. आज तुमच्यामुळे त्याला धागा वाचून दाखवला :) आमचं मात्र पांढरंशुभ्र आहे, काळ्या दगडाची मजा नाही. आणि इथे अजून गव्हर्नर राहतात.

मी तिथे एमए केलंय, मुख्य इमारतीमागच्या त्या वडाच्या झाडाखाली आमचा अड्डा होता. वाचनखूण साठवली.

खडकीचा_म्हातारा

आलो. आता रँड.

तर सिक्युरिटीवाल्या काकांचं अर्धं बरोबर आहे. खून बंगल्यात नाही झाला, बंगल्याच्या बाहेर रस्त्यावर झाला, गणेशखिंड रोडला. पण बंगला नसता तर त्या रात्री रँड त्या रस्त्यावर नसता, हेही खरं. २२ जून १८९७, व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली त्याचा डायमंड ज्युबिली सोहळा. जून म्हणजे गव्हर्नरचा मुक्काम पुण्यात, त्यामुळे इलाख्याची मुख्य मेजवानी या बंगल्यात. गव्हर्नर तेव्हा लॉर्ड सँडहर्स्ट. गावात प्लेगने माणसं गेलेली, घराघरात सोजीर घुसून झडत्या झालेल्या, देवघरापर्यंत बूट गेलेले, आणि इकडे रोषणाई, बॅंड, जेवणावळी. प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड अर्थातच निमंत्रित.

दामोदर चापेकर बंगल्याच्या फाटकाशी उभे होते. रँडची बग्गी बाहेर पडली तशी ओळखून ते मागे धावले, रस्त्यात एक पिवळा बंगला लागायचा तिथे 'गोंद्या' अशी हाक दिली, हा आधीच ठरलेला इशारा होता, आणि बग्गीवर मागून चढून गोळी घातली. पाठोपाठ बाळकृष्णांनी मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टला मारलं. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, दामोदर १८ एप्रिल १८९८ ला येरवड्याला फाशी गेले, मग द्रविड बंधूंनी फितुरी केली म्हणून त्यांना मारलं गेलं, आणि मे १८९९ मध्ये चार दिवसांच्या आत वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण तिघेही फासावर. चापेकरांची आई त्यानंतर कशी जगली असेल याचा मी विचारच करू शकत नाही.

आता पावसाळ्याचा मुद्दा पुन्हा आणतो, कंटाळू नका. २२ जुलै १९३१ ला वासुदेव बळवंत गोगटे यांनी फर्ग्युसन कॉलेजात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळी झाडली, तो वाचला. जुलै! गव्हर्नर तेव्हाही पुण्यात होता कारण पावसाळा होता. पुण्यात इंग्रज अधिकाऱ्यांवर झालेले हे दोन्ही मोठे हल्ले पावसाळ्यातले, म्हणजे साहेबाचं कॅलेंडर क्रांतिकारकांनाही पाठ होतं असं म्हणायला हरकत नाही.

बिनधास्त_बापू

सगळं ठीक आहे हो पण आपण या गोऱ्यांच्या कोठ्यांचं किती कौतुक करायचं? आपल्याच कापसाच्या पैशावर आणि आपल्याच वडारांच्या घामावर बांधलेलं घर, आर्किटेक्टचं नाव ट्रबशॉ म्हणून सगळ्यांना पाठ, दगड कोणी फोडला ते कोणाला माहीत नाही. ज्या वर्षी मेजवानी झोडली त्या वर्षी गावात प्रेतं उचलायला माणसं नव्हती. मनोरा कसला बघता, बघायचं तर पिवळ्या बंगल्याची जागा बघा.

आणि ते भुयार शनिवारवाड्याला जातं हे मी पण लहानपणापासून ऐकलंय, त्यात तथ्य असणार. आग असल्याशिवाय धूर येत नाही.

चुनाखडी

बापू, दगड फोडणाऱ्यांबद्दल शंभर टक्के सहमत, तो राग मला रोज कामावर येतो. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला आजही छिन्नी धरणारे हात सापडत नाहीत, आणि सापडले की त्यांची नावं बोर्डावर लागत नाहीत. पण म्हणून इमारत बघायचीच नाही हे नाही पटत. उलट नीट बघितली तरच कोणाचं काम आहे ते दिसतं, तो घडीव दगड ट्रबशॉच्या हातचा नाहीये.

भुयाराचं मात्र नाही हं चालणार. मधल्या काळात ते उघडलं होतं तेव्हा पेपरातही आलं होतं, तो नोकरांचा रस्ता आहे. त्या काळच्या अशा घरांमध्ये स्वयंपाकघर मुख्य घरापासून लांब ठेवायचे, धूर नको, वास नको, आगीची भीती नको, आणि ताटं घेऊन पळणारे नोकर पाहुण्यांच्या नजरेला पडायला नकोत. म्हणून खालून वाट. आणि शनिवारवाड्याचं म्हणाल तर तो १८२८ च्या आगीतच जळून गेला होता, हा बंगला सुरू झाला १८६४ ला. शिवाय मध्ये अख्खी मुठा नदी. इंग्रज गव्हर्नर नदीखालून खणत जळक्या वाड्यात कशाला जाईल?

मला विचाराल तर नोकरांची वाट हीच जास्त सांगण्यासारखी गोष्ट आहे. वर लोक नाचतायत आणि खालून आपली माणसं गरम भांडी घेऊन वाकून चाललीत. बापू, तुमच्या मुद्द्याला हे शनिवारवाड्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

बिनधास्त_बापू

हे मान्य. पण रिक्षावाल्याला सांगू नका, त्याचा धंदा बसेल.

झेलम_एक्सप्रेस

बापरे, काय काय माहिती दिलीत! ताईला भुयाराचं सांगितलं, ती नाराज झाली आणि म्हणाली तुमच्या फोरमवाल्यांना काय कळतंय. मग ती नोकरांची गोष्ट वाचून दाखवली तर गप्प झाली.

आता पुढचा प्रश्न, मग हे घर विद्यापीठाला कसं मिळालं? सरकार सहजासहजी एवढी जागा सोडतं का? आज कोणी देईल का? आणि मग गव्हर्नर पावसाळ्यात जातात कुठे, की आता भिजतात?

खडकीचा_म्हातारा

हाहा. नाही भिजत. पुण्याचं राजभवन आजही तिथेच शेजारी आहे, इस्टेटीचा तेवढा तुकडा सरकारने ठेवून घेतला. अधूनमधून राज्यपाल मुक्कामाला आले की आमचा रस्ता बंद होतो.

पुणे विद्यापीठाचा कायदा झाला १९४८ ला आणि विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ ला. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, शिक्षण खातंही त्यांच्याकडेच. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, लायब्ररीला जयकर ग्रंथालय म्हणतात ते त्यांच्यावरून. ही मोकळी पडलेली कोठी आणि भोवतालची सगळी मिळून ४११ एकर जागा विद्यापीठाला मिळाली. तेव्हा सुरुवातीला बारा जिल्हे या विद्यापीठाखाली होते, १९६२ ला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ निघालं तेव्हा क्षेत्र कमी झालं. २०१४ ला सावित्रीबाई फुल्यांचं नाव दिलं. मला तरी हे फार आवडलं. ज्या बाईने प्लेगमधल्या पोराला पाठीवर उचलून दवाखान्यात नेलं आणि त्याच प्लेगने मार्च १८९७ मध्ये गेली, तिचं नाव त्या घराला जिथे तीन महिन्यांनी तीच प्लेग कमिटी मेजवानीला बसली होती.

आणि प्लेगचंच निघालंय तर अजून एक. गव्हर्नरची मुंबईतली जुनी कोठी परळला होती. १८८२ ला गव्हर्नर फर्ग्युसनची बायको तिथे कॉलऱ्याने गेली, मग साहेबांनी तिथून गाशा गुंडाळून मलबार पॉइंटला बस्तान हलवलं. परळच्या त्या रिकाम्या कोठीत १८९९ ला हाफकिनची प्लेग लॅबोरेटरी गेली, तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. म्हणजे गव्हर्नरच्या एका घरात लस बनवायला लागले आणि दुसऱ्यात पुढे विद्यापीठ आलं. बापू, कोठ्या वाईट नव्हत्या, भाडेकरू बदलायला पाहिजे होते.

पानशेत_६१

उशिरा आलो. एक भर घालतो, दापोडीची बाग गेली तरी तिचं काम थांबलं नाही. १८७३ ला गणेशखिंडलाच नवीन बोटॅनिकल गार्डन काढली. ती आता कृषी विद्यापीठाकडे आहे, फळ संशोधन केंद्र म्हणतात त्याला, औंध रस्त्याच्या बाजूला. आंब्याची आणि कसली कसली जुनी झाडं आहेत. २०२० ला सरकारने ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कलमं विकतात तिथे, भाच्याला भेटायला याल तेव्हा जाऊन या, ताईला पण न्या.

झेलम_एक्सप्रेस

दिवाळीच्या सुट्टीआधी येणारच आहे. आंब्याचं कलम अमरावतीपर्यंत रेल्वेत नेऊ देतात का, की पार्सलने टाकावं लागतं? कोणी नेलंय का?

पानशेत_६१

पिशवीतलं लहान कलम सीटखाली ठेवून लोक नेतात, मीही नागपूरला नेलंय. फक्त माती ओली करून पिशवीचं तोंड सैल बांधा आणि शेंड्याला काठीचा आधार द्या. पण दिवाळीच्या आसपास नेलंत तर तुमच्याकडचं ऊन आणि मग थंडी दोन्ही सोसेल असं बघा, पहिल्या उन्हाळ्यात सावली करावी लागेल. जमलं तर जून-जुलैमध्येच या.

खडकीचा_म्हातारा

बघा, शेवटी हेही पावसाळ्यातच या म्हणतायत.